केबलचालित यंत्रमानवाची रचना : जादा चालकाची अपरिहार्यता

प्रस्तावना :
भिवंडीतील साध्या यंत्रमागावर उभे धागे पेलणाऱ्या दोन चौकटी आळीपाळीने वर-खाली होतात. कॅम लिव्हर दाबून चौकट खाली ओढतो. तिला वर ढकलणारे मात्र काहीच नसते. दोन्ही चौकटी वरच्या रुळावरून गेलेल्या पट्ट्याने जोडलेल्या असल्याने एक खाली जाताना दुसरीला वर ओढते. पट्टा ओढू शकतो, ढकलू शकत नाही. म्हणून हालचालीची दिशा एक असूनही ओढणारे कॅम दोन लागतात. केबलवर चालणाऱ्या यंत्रमानवाच्या रचनेचे मूळ याच मर्यादेत आहे. ते स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

‘रिडंडंट’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आपले विद्यार्थी सर्रास ‘अनावश्यक’ असा घेतात. येथे तो दिशाभूल करणारा आहे. हालचालीच्या स्वतंत्र दिशा जितक्या, त्यापेक्षा किमान एक केबल अधिक असल्याखेरीज केवळ केबलच्या ओढीने वस्तूवर पूर्ण ताबा राहत नाही. सपाट पृष्ठावर सरकणाऱ्या व फिरणाऱ्या फळीस तीन दिशा असतात, म्हणून चार केबल हव्यात. त्यातही चारही केबल एकाच बिंदूला बांधल्या, तर त्या बिंदूभोवतीचे फिरणे ताब्यात येत नाही. संख्येइतकेच बांधणीच्या जागेलाही महत्त्व आहे.

ताणाचे वाटप :
खरा प्रश्न यापुढे उभा राहतो. दोन केबलांमधील ठोकळ्यावर उजवीकडे २० न्यूटन बल हवे आहे. उजवीकडे ६० व डावीकडे ४० न्यूटन ताण दिला तरी ते मिळते. ५२० व ५०० दिला तरीही तेच मिळते. समीकरणाची उत्तरे अगणित आहेत, निवड रचनाकाराची. ताण वाढविल्यास केबलचा झोळ कमी होतो व आडव्या धक्क्यास ठोकळा अधिक विरोध करतो. परंतु मोटारीवरील भार, कप्पीतील घर्षण व केबलची झीज वाढते. ताण फार कमी ठेवल्यास वेग बदलताच एखादी केबल सैल पडते आणि त्या क्षणी ताबा सुटतो.

क्रिकेटच्या मैदानावर फिरणारा स्पायडरकॅम आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे स्थान तीन दिशांत बदलते, केबल चार असतात. चारही केबल वरून येत असल्याने खाली ओढण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. परिणामी गुरुत्वीय त्वरणापेक्षा अधिक त्वरणाने कॅमेरा खाली आणता येत नाही. येथे केवळ लांबी मोजून भागत नाही. एक केबल किंचित आखूड झाली, तरी समोरासमोरच्या दोन केबल बहुतेक भार घेतात व उरलेल्या दोन सैलावतात. ताणही मोजावा लागतो.

चीनमधील २०१६ साली पूर्ण झालेल्या ५०० मीटर व्यासाच्या ‘फास्ट’ दुर्बिणीत सुमारे ३० टनांची ग्राहक-कुपी सहा मनोऱ्यांवरून आलेल्या सहा केबलांनी हलविली जाते. तेथे सातव्या केबलचे काम कुपीचे वजनच करते. वजन हा फुकटचा चालक आहे खरा, पण त्याची दिशा व परिमाण आपल्या हाती नसते.

पदवी वर्गाच्या प्रयोगशाळेत हे दाखविण्यास मोठा खर्च नाही. दोन लहान मोटारी, एक सरकता ठोकळा आणि दोन्ही दोऱ्यांत एकेक स्प्रिंगचा वजनकाटा एवढे पुरते. ठोकळा एकाएकी थांबविला की एका काट्याची सुई शून्यावर येते. सुरुवातीचा ताण वाढवून तोच प्रयोग पुन्हा करावा व सुई शून्याच्या किती वर थांबते, ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्यावे.