उद्यानतळ्यातील गाळ व पंपाची निवड

'गाळ' या एकाच मराठी शब्दाखाली दोन भिन्न द्रव्ये नांदतात: तळाशी बसलेली रेती-माती आणि कुजलेल्या पाल्याचा काळा राडा. पंपाची निवड या भेदावरच अवलंबून असते. स्वच्छ पाण्याच्या केंद्रोत्सारी पंपातील बंदिस्त पंख्याच्या वाटा अरुंद असतात. पाने व तंतू अडकून त्या तुंबतात. म्हणून राड्यासाठी उघड्या पंख्याचा, बाजारात 'मडपंप' या नावाने मिळणारा पंप घ्यावा. रेतीसाठी मात्र नळीतील प्रवाह वेगवान हवा; वेग मंदावताच कण खाली बसून नळी बुजते. काठावर ठेवलेल्या पंपास आणखी एक मर्यादा आहे. वातावरणाचा दाब पाणी सुमारे १०.३ मीटरच चढवू शकतो. व्यवहारात ७ मीटरांपलीकडे भरवसा नसतो.

तळ्यात मासे असतील तर प्रश्न केवळ यंत्राचा राहत नाही. काळ्या राड्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तो ढवळला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो व पाण्यात विरघळलेला प्राणवायू झपाट्याने खर्ची पडतो. यास्तव नळीचे तोंड संथपणे सरकवावे व एका वेळी काही भागच उपसावा. उपसलेल्या पाण्यात नत्र व स्फुरद असल्याने ते ओढ्यात न सोडता वाफ्यांना द्यावे, हेच इष्ट होय.