तेलात कोलेस्टेरॉल नव्हतंच कधी

'भाऊ, कोलेस्टेरॉल-फ्री तेल द्या.' नागपुरात इतवारीपासून प्रतापनगरपर्यंत कुठल्याही किराणा दुकानात ही मागणी ऐकू येते. तेल 'फ्री' मिळालं, की घरी भजी, तर्री पोहे, आलूबोंडा सगळं बिनधास्त. हृदयाची काळजी जणू पाकिटानंच घेतली!

हे पुन्हा एकदा स्पष्ट सांगायलाच हवं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या शरीरात तयार होतं. वनस्पतींमध्ये ते जवळजवळ नसतंच. शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, जवस, पाम यांपैकी कुठलंही तेल घ्या, ते मुळातच कोलेस्टेरॉलमुक्त असतं. वनस्पती तुपातही कोलेस्टेरॉल नव्हतं. त्यात होते ट्रान्स फॅट्स आणि ते हृदयाला अतिशय घातक. म्हणूनच देशात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या औद्योगिक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली.

मग रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं कशानं? बहुतांश कोलेस्टेरॉल आपलं शरीरच बनवतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. अमेरिकेत डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी 1970च्या दशकात दाखवून दिलं, की पेशींवरचे विशिष्ट ग्राहक (रिसेप्टर) कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तातून उचलून आत घेतात. हे ग्राहक कमी असले, की एलडीएल रक्तातच रेंगाळतं आणि धमन्यांच्या भिंतीत साचतं. या शोधाला 1985चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त खाल्ली, की यकृतावरचे हेच ग्राहक घटतात. पाम तेलात जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, खोबरेल तेलात तर 80 टक्क्यांहून जास्त. दोन्ही तेलं 'कोलेस्टेरॉल-फ्री'च आहेत! पाकिटावर वाचायचा तो संपृक्त चरबीचा आकडा, आणि तोच बारीक अक्षरात मागच्या बाजूला छापलेला असतो.

तेलाच्या पाकिटावर 'अँटी-कोलेस्टेरॉल', 'कोलेस्टेरॉल फायटर' असं लिहायला अन्नसुरक्षेच्या 2011च्या नियमांनीच मनाई केली आहे. 1942 साली उभ्या राहिलेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एलआयटीत, तेल-तंत्रज्ञान शिकवलं जातं. ही संस्था असलेल्या नागपुरात तरी हा गैरसमज टिकायला नको होता.

जवसाच्या तेलाबद्दल विदर्भाला अभिमान आहे आणि तो योग्यच आहे, कारण त्यातली साधारण निम्मी चरबी ओमेगा-3 प्रकारची असते. पण हे तेल उष्णतेनं लवकर खराब होतं. त्यात तळण्यापेक्षा जवसाची चटणी बरी.

बाकीचे समज थोडक्यात. सडपातळ माणसाचं कोलेस्टेरॉल वाढत नाही, हे चूक. आनुवंशिक दोष असेल तर तरुणपणीही वाढतं. कोलेस्टेरॉल म्हणजे विष, हेही चूक. पेशींची आवरणं आणि काही संप्रेरकं त्यापासूनच बनतात. लसूण-लिंबाच्या काढ्यानं धमन्यांतला 'ब्लॉकेज' विरघळत नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

तेल कुठलंही असो, 1 ग्रॅममागे 9 कॅलरी ठरलेल्या. बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 25 ग्रॅम आणि बाईला 20 ग्रॅम तेल-तूप पुरे, अशी आयसीएमआरची 2010ची शिफारस. या हिशेबानं दोन पुरुष आणि दोन बायकांच्या घरात 15 किलोचा डबा साडेपाच महिने चालायला हवा. तुमच्याकडे किती दिवस जातो, ते एकदा मोजून पाहा.