‘पाय दुखतो’ म्हणजे नेमके कुठे?

कसबा पेठेतल्या एक आजी सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. दोन्ही पायांचे अंगठे शेजारच्या बोटांवर रेललेले आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल टेंगूळ.

‘‘आजी, दुखतं का?’’

‘‘तसं काही नाही. वय झालं आता.’’

सून म्हणाली, ‘‘काही नाही कसं? परवा मंडईतून येताना तीनदा बसल्या की!’’

या विकाराला वैद्यकात ‘हॅलक्स व्हॅल्गस’ आणि व्यवहारात ‘बनियन’ म्हणतात. ‘हाड वाढलंय’ असे पुष्कळांना वाटते. पण मुख्य दोष हाड वाढण्याचा नसून सरकण्याचा असतो. अंगठ्यामागचे पावलाचे लांब हाड दुसऱ्या पावलाच्या दिशेने सरकते, अंगठा करंगळीकडे वळतो आणि मधल्या सांध्याचा कोपरा बाहेर येतो. हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. तो अनेक घराण्यांत चालत येतो आणि निमुळत्या चपला-बूट त्यात भर घालतात.

एक्स-रेमध्ये अंगठा किती अंश वळला ते मोजता येते. पंधरापेक्षा जास्त अंश म्हणजे विकार, असे साधारण मानतात. पण वीस अंशांचा रुग्ण कळवळतो आणि पस्तीस अंशांचा मजेत फिरतो, असेही दिसते. म्हणून त्रास रुग्णालाच विचारावा लागतो. त्यासाठी इंग्लंडमध्ये जिल डॉसन व सहकाऱ्यांनी ‘मँचेस्टर-ऑक्सफर्ड’ प्रश्नावली तयार केली. ती 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चालणे-उभे राहणे, वेदना आणि चारचौघांतला वावर यांवर 16 प्रश्न आहेत. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण असतात. त्यांचे रूपांतर शंभरात करतात. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. तुर्की रुग्णांसाठी तिचे रूपांतर तपासून 2016 मध्ये प्रसिद्ध झाले.

मला वाटले, आपणही मराठीत उतरवू. एका संध्याकाळचे तर काम! कागद घेऊन आजींना प्रश्न विचारले आणि माझी फजिती झाली. ‘‘पायाच्या दुखण्यामुळे चालण्याऐवजी बस किंवा मोटार वापरता का?’’ ‘‘मोटार कुठली? अन् एवढ्यासाठी रिक्षाला पैसे कोण घालणार?’’ ‘‘पायांमुळे संकोच वाटतो का?’’ ‘‘या वयात कसला संकोच!’’ आजींचे गुण इतके कमी आले, की कागदावर त्या ठणठणीत ठरल्या.

उठता उठता मात्र त्या म्हणाल्या, ‘‘जोडवी काढून ठेवलीत. बोट दाबलं जातं. लग्नकार्यात बायका पायाकडे बघतात, म्हणून निऱ्या जरा खाली सोडते.’’ संकोचाच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे होते. चूक आजींची नव्हती, माझ्या मराठीची होती.

शब्दाला शब्द ठेवून हे काम होत नाही. आपल्याकडे ‘पाय’ म्हणजे मांडीपासून बोटांपर्यंत सगळे. गुडघा दुखणारा माणूसही ‘पाय दुखतो’ म्हणतो आणि गुण चुकतात. तिथे ‘घोट्याखालचे पाऊल’ असे लिहून चित्रही दाखवावे लागते. वेदनेचेही तसेच. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, आग वेगळी.

यासाठी ठरलेली पद्धत आहे. आधी मूळ प्रश्नावलीच्या मालकांची परवानगी घ्यायची. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे. त्यांतला एक वैद्यकाबाहेरचा असावा. दोन्हींचा मेळ घालून, मूळ न पाहिलेल्या दोघांकडून ते उलट इंग्रजीत करून घ्यायचे. फरक पडला तर तज्ज्ञांनी बसून निवाडा करायचा. मग तीस-चाळीस रुग्णांना ‘तुम्हाला यातून काय समजले?’ असे विचारायचे. शेवटी त्याच रुग्णांना काही दिवसांनी पुन्हा प्रश्न देऊन, त्रास तेवढाच असताना उत्तरे जुळतात का, ते पाहायचे. जोडव्यांचा प्रश्न मनाने त्यात घुसडता येत नाही, कारण मग गुणांची तुलना बिघडते. तो वेगळा विचारावा.

आजींना मी कागद बाजूला ठेवून पुन्हा विचारले. पुढून रुंद, मऊ चपला आणि बोटांमध्ये ठेवायची सिलिकॉनची पट्टी दिली. अंगठा सरळ झाला नाही, होणारही नव्हता. पण ठणका कमी झाला. आळंदी ते पंढरपूर चालण्याचा हट्ट सोडून त्यांनी भवानी पेठेत पालखीच्या मुक्कामी दर्शन घेतले. एवढे करूनही दुखणे थांबले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार करू. केवळ दिसण्यासाठी ती करू नये.

वाचकहो, डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी चार गोष्टी मनाशी ठरवा: नेमके कुठे दुखते ते एका बोटाने दाखवा, कसे दुखते, केव्हा आणि कोणत्या चपलेने वाढते, आणि त्यापायी काय काय सोडले. मधुमेह असेल आणि टेंगळावर लाली किंवा जखम दिसली, तर एक दिवसही थांबू नका.

आणि ‘तसं काही नाही’ हे उत्तर तेवढे घरी ठेवून या.