विजेच्या झटक्यांचें भय

महाळुंगे पडवळ हें आंबेगांव तालुक्यांतील गांव. श्रोतेहो, तेथील एखाद्या घरांत पुढील प्रसंग आहे अशी कल्पना करा. पन्नाशीची कर्ती बाई दोन महिने कोणाशीं बोलत नाहीं. सुनेनें पुढें केलेलें ताट परत सारते; आपल्या हातून मोठें पाप घडलें, आतां घर बुडणार, एवढेंच पुटपुटते. देवऋषी झाले, मंचरच्या डॉक्टरांचीं शक्तीचीं इंजेक्शनें झालीं. शेवटीं मुलगा तिला पुण्यास आणतो. मानसोपचारतज्ज्ञ तपासून म्हणतात, "आईंना विजेचा उपचार द्यावा लागेल." तें ऐकतांच मुलगा आईला घेऊन परतीच्या गाडींत बसतो.

या मुलाला मी दोष देणार नाहीं. येरवड्यास मनोरुग्णालय आहे, आणि तुरुंगहि तेथेंच. आपल्या मनांत उपचार आणि शिक्षा यांची अशीच गल्लत झालेली आहे. शिवाय हें भय निव्वळ कल्पनेचें नव्हे. पूर्वीं भूल न देतां झटका देत, आणि आक्षेपाच्या जोरानें कधीं कधीं हाडें मोडत.

हा उपचार १९३८ मध्यें रोम येथें चेर्लेत्ती व बिनी यांनीं प्रथम केला. त्याआधीं बुडापेस्टचे मेडुना औषधानें आक्षेप आणीत. अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया हे एकमेकांचे वैरी आहेत, अशी त्यांची समजूत होती. समजूत चुकली, उपचार टिकला. वैद्यकांत असें घडतें! पुढें दिसून आलें कीं, याचा सर्वांत चांगला गुण तीव्र विषण्णतेस येतो. आणि तो गुण विजेचा नसून, तिनें मेंदूंत उत्पन्न केलेल्या आक्षेपाचा असतो.

आज प्रत्यक्ष काय करतात? रुग्णास उपाशीपोटीं आणून शिरेंतून भूल देतात, स्नायू सैल करणारें औषध देतात, प्राणवायु चालू ठेवतात. मग कांहीं सेकंद वीज. आक्षेप मिनिटभरांत संपतो; बाहेरून पाहणाऱ्यास फार तर पायाचीं बोटें थरथरतांना दिसतात. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, असे एकंदर सहा ते बारा उपचार होतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें भूल व स्नायू सैल करणारें औषध दिल्यावांचून हा उपचार करण्यास मनाईच केली आहे. तांतडीच्या प्रसंगाचें निमित्त सांगूनहि संमतीवांचून तो उरकून घेतां येत नाहीं.

मात्र 'कांहीं होत नाहीं' असें सांगणारा डॉक्टरहि मला पटत नाहीं. डोकें दुखतें, थोडा वेळ गोंधळ उडतो. उपचाराच्या सुमाराच्या आठवणी पुसट होतात. पुष्कळशा परततात, कित्येकांच्या कांहीं कायमच्या जातात. उपचार संपल्यावर गोळ्या चालू ठेवल्या नाहींत तर दुखणें बहुधा उलटतें.

मुलानें गाडींत बसण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें : भूल कोण देणार? विसर किती पडेल? गोळ्यांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. आई तर जेवत नाहीं, तेवढे दिवस तिच्यापाशीं आहेत काय?