एकदा निघालेली चिठ्ठी पुन्हा निघू नये म्हणून

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसील पातळीवर निघते, तेव्हा सभागृहातील सर्वांचे लक्ष एका बरणीकडे लागलेले असते. चिठ्ठ्यांच्या घड्या सारख्या आहेत ना, बरणी नीट हलविली ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहिले जाते आणि मग एखाद्या शाळकरी मुलाच्या हातून चिठ्ठी काढण्यात येते. या साऱ्या व्यवहारात एक गोष्ट इतकी स्वाभाविक मानली जाते की तिचा कोणी उच्चारही करीत नाही. ती अशी की, बाहेर आलेली चिठ्ठी पुन्हा बरणीत जात नाही. हाच व्यवहार यंत्राकडून करवून घ्यावयाचा झाल्यास मात्र ही गोष्ट स्पष्ट सांगावी लागते. कारण यंत्राजवळ बरणी नसते.

हा विषय आता शाळांच्या उंबरठ्यावर येऊन पोहोचला आहे. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मोहिमेतून २०१६ सालापासून इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. तेथे मुले आर्डुइनोसारख्या पट्टीवर मायक्रोकंट्रोलरचे प्रयोग करतात. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चकतीत सामावलेला लहानसा संगणक होय. आर्डुइनो उनो या पट्टीवरील चकतीची कामचलाऊ स्मृती अवघी २,०४८ बाइट, म्हणजे साध्या लिखाणाची जेमतेम एक-दोन पाने मावतील एवढी असते. एवढ्या साधनावरही वर्गासाठी एक उपयुक्त उपकरण तयार करता येते. बटण दाबावे, पडद्यावर एक हजेरी क्रमांक उमटावा आणि त्या विद्यार्थ्याला प्रश्न विचारला जावा. शिक्षकाची नजर नकळत पुढच्या बाकांकडेच वळते, अशी तक्रार मग राहात नाही.

परंतु येथेच पहिली फसगत होते. एक ते चाळीसमधील कोणताही आकडा काढण्याची आज्ञा यंत्राला एका ओळीत देता येते. पण आधी काय निघाले याची आठवण त्या आज्ञेला नसते. प्रत्येक वेळी ती चाळीसही चिठ्ठ्या पुन्हा बरणीत टाकून हात घालते. याचा परिणाम कल्पनेपेक्षा मोठा आहे. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात आठ वेळा आकडा काढला की त्यात एखादा क्रमांक दुसऱ्यांदा आलेला असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. चाळीस वेळा बटण दाबल्यावरही सरासरीने चौदा-पंधरा विद्यार्थ्यांना प्रश्न विचारलेलाच नसतो. सर्वांची पाळी येण्यास सरासरीने १७१ वेळा बटण दाबावे लागते. मागच्या बाकावरील मुलांना न्याय मिळावा म्हणून आणलेले यंत्र अशा रीतीने तिसऱ्या भागाहून अधिक वर्ग वगळून मोकळे होते.

यावर सुचणारा सरळ उपाय म्हणजे निघालेल्या क्रमांकापुढे खूण करणे आणि खूण असलेला क्रमांक आल्यास दुसरा काढणे. चाळीस खुणांना पाच बाइट पुरतात. शेवटचा क्रमांक सापडेपर्यंत यंत्राला सरासरीने चाळीस वेळा प्रयत्न करावा लागतो खरा, पण एवढ्या कामाला त्याला क्षणही लागत नाही. वर्गापुरता हा उपाय वाईट नाही.

याहून नेटका मार्ग बरणीच्या रीतीचाच आहे. रोनाल्ड फिशर व फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली तो कागद-पेन्सिलीसाठी मांडला आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये त्याला संगणकास सोयीचे रूप दिले. स्मृतीत एक ते चाळीस हे आकडे ओळीने मांडावयाचे. चाळीस जागांतून एक जागा यदृच्छेने निवडून तेथील आकड्याची शेवटच्या आकड्याशी अदलाबदल करावयाची. शेवटी गेलेला आकडा म्हणजे बाहेर आलेली चिठ्ठी; त्याला पुन्हा हात लावावयाचा नाही. पुढची निवड उरलेल्या एकोणचाळीस जागांतून, त्यानंतरची अडतीस जागांतून, असे करीत खाली यावयाचे. चाळीस बाइटांत आणि एकोणचाळीस अदलाबदलींत काम संपते.

'उरलेल्या' या शब्दात सारे मर्म आहे. अनेकजण प्रत्येक खेपेस सगळ्याच जागांतून निवड करतात आणि अधिक हलविले म्हणजे अधिक चांगले मिसळले, असे मानतात. तीन चिठ्ठ्यांवर हिशेब करून पाहावा. तीन खेपांना तीन-तीन पर्याय, म्हणजे २७ वाटा होतात. तीन चिठ्ठ्यांचे क्रम मात्र सहाच. सत्तावीसला सहाने भाग जात नाही. म्हणून तीन क्रमांच्या वाट्याला चार-चार आणि तीन क्रमांच्या वाट्याला पाच-पाच वाटा येतात. चूक दिसत नाही, पण पक्षपात होतो.

मिसळण्यातील अशा कसुरीची किंमत केवढी असू शकते, हे अमेरिकेत दिसून आले. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांची सक्तीची भरती ठरविण्याकरिता १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या ३६६ कुप्यांची सोडत काढण्यात आली. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या होत्या आणि पुरेशा मिसळल्या नव्हत्या. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांतील, विशेषतः डिसेंबरमधील तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या. १९७० च्या सोडतीत तारखा व अनुक्रमांक दोन वेगळ्या पिंपांतून काढण्यात आले.

यंत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. त्याची यदृच्छा ही वस्तुतः गणिताने काढलेली आकड्यांची माळ असते आणि वीज सुरू करताच ती प्रत्येक वेळी त्याच आकड्यापासून सुरू होते. मुले हे दोन दिवसांत ओळखतात. माळेचा आरंभबिंदू बदलावा म्हणून मोकळ्या सोडलेल्या टोकावरील विद्युतदाब मोजण्याची प्रथा आहे. परंतु त्यातून जास्तीत जास्त १,०२४ आरंभ मिळतात आणि प्रत्यक्षात आकडे आसपासचेच येतात. माणसाने बटण कोणत्या क्षणी दाबले हे उनोला चार मायक्रोसेकंदांपर्यंत मोजता येते. हा आरंभ अधिक भरवशाचा.

रोज दहा प्रश्न विचारले तर एक फेरी चार दिवस चालते. दरम्यान वीज गेली की कामचलाऊ स्मृती पुसली जाते, फेरी नव्याने सुरू होते आणि राहिलेली मुले पुन्हा राहतात. यासाठी तयार झालेला क्रम आणि तो कोठवर आला याची नोंद चकतीतील १,०२४ बाइटांच्या टिकाऊ स्मृतीत ठेवावी. तिच्या प्रत्येक घरात सुमारे एक लाख वेळा लिहिता येते. शाळेच्या वर्षात दोन हजार नोंदी धरल्या तरी ती उपकरणाहून अधिक टिकेल. अर्थात सोमवारी पाळी झालेला विद्यार्थी गुरुवारपर्यंत निर्धास्त बसतो, हा पुनरावृत्ती टाळण्याचाच दोष आहे. त्यावर दहा-बारा क्रमांक शिल्लक असतानाच फेरी मोडावी, असे कोणी सुचवील. पण मग ते दहा-बारा विद्यार्थी वगळले जातात. त्यापेक्षा मधूनच एखादा प्रश्न शिक्षकाने स्वतः निवडून विचारावा, हे बरे.

गाळे, प्रवेश किंवा आरक्षण यांच्या सोडतीसाठी हे उपकरण मात्र वापरू नये. चाळीस नावांचे संभाव्य क्रम अठ्ठेचाळीस अंकी संख्येइतके आहेत आणि उनोच्या माळेला आरंभबिंदू फार तर २१४ कोटींच्या घरात मिळतात. म्हणजे बहुसंख्य क्रम तिच्यातून कधीच निघू शकत नाहीत. शिवाय बरणी हलविताना सभागृहाला दिसते, चकतीच्या पोटात काय चालले आहे ते दिसत नाही. तेथे पारदर्शक बरणी आणि सारख्या घडीच्या चिठ्ठ्याच योग्य.