मेळघाटातील दर्या

संगणकाचे दप्तर : लेखांक १४

मागील लेखांकी संकेतस्थळाच्या नावनोंदणीचा व भाडेपट्ट्याचा विचार करताना मी असे लिहून गेलो होतो की, जागा देणारा सचोटीचा असला आणि भाडे मुदतीत भरले गेले, म्हणजे या व्यवहारात बिघडण्यासारखे फारसे उरत नाही. ते विधान आज बिनशर्त मागे घेणे मला प्राप्त आहे. स्वखर्चाने छापलेली तीन पुस्तके आणि पंधरा वर्षांतील किरकोळ लेख यांचा जो संसार मी अमरावतीच्या माझ्या खोलीत बसून एका स्थळावर मांडला होता, तो कोणा चोराने नव्हे, तर मीच, साफसफाई करण्याच्या सद्हेतूने, एका दुपारी निकालात काढला.

घडले ते असे. जागा भरत आल्याची सूचना आली, म्हणून चाचणीसाठी केलेली जुनी प्रत पुसावयास घेतली. खरी व चाचणीची, या दोहोंच्या नावांत केवळ शेवटच्या एका आकड्याचा फरक होता. 'खात्री आहे काय?' असे पडद्याने रीतसर विचारलेही. परंतु तीस वर्षे कचेरीत समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करण्याची जी सवय या हाताला जडली आहे, तिने 'होय' म्हणून टाकले. पुढे तीन आठवडे मला पत्ताच नव्हता. (आपले स्थळ आपण किती क्वचित उघडतो, हेही यावरून कळले!) अखेर अकोल्याच्या एका वाचकाचा फोन आला : "सर, तुमचं पान उघडूनच नाही राह्यलं जी."

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे. वर्डप्रेससारख्या साधनाने चालविलेले स्थळ एका जागी नसते. चित्रे, मांडणी व यंत्रणा यांच्या धारिका एकीकडे असतात. आणि लेखांचा मजकूर, शीर्षके, तारखा व वाचकांचे अभिप्राय हे सर्व डेटाबेस नामक दप्तरात निराळे नोंदलेले असते. वाचकाने पान मागितले की यंत्र दप्तरातून मजकूर काढते, मांडणीत बसविते आणि तयार पान पुढे करते. मी पुसले ते दप्तर. घर पडले तरी सातबारा तलाठ्याकडे राहतो, असा आपला अनुभव. येथे घर जागच्या जागी उभे, भिंतींवर तसबिरीही शाबूत, आणि सातबारा तेवढा नाहीसा झालेला.

जागा देणाऱ्याकडे सुरक्षित नकला नव्हत्या काय? होत्या; रोज एक, अशा सात. आठव्या दिवशी पहिली नक्कल पुसून तिच्या जागी नवी ठेवावयाची, असा तेथील शिरस्ता. नक्कल घेणारे यंत्र इतके इमानी की, रिकाम्या दप्तराचीही त्याने तीन आठवडे बरहुकूम नक्कल घेतली.

मग शोध सुरू झाला. ब्रूस्टर काहल यांनी १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केलेल्या 'इंटरनेट आर्काइव्ह' या संस्थेने जगभरच्या संकेतस्थळांच्या प्रती जतन करण्याचा जो अवाढव्य उद्योग चालविला आहे, त्याचे 'वेबॅक मशीन' हे दालन २००१ पासून सर्वांस खुले आहे. तेथे आपल्या स्थळाचा पत्ता लिहिला की दिनदर्शिका उमटते आणि ज्या दिवशी प्रत घेतली गेली त्या तारखेवर ठिपका दिसतो. माझ्या नशिबी थोडे ठिपके होते. त्यांतून निम्म्याहून अधिक लेख हाती आले.

उरलेल्यांपैकी बहुतेक पुस्तकांत छापलेले होते, आणि त्यांच्या पेजमेकरमधील धारिका अकोल्याच्या अक्षरजुळणी करणाऱ्याने सांभाळून ठेवल्या होत्या. मी मूर्तिजापूरमार्गे जाऊन त्या घेऊन आलो. उघडून पाहतो, तो मराठीचा मागमूस नाही, नुसता रोमन अक्षरांचा व चिन्हांचा खच! कारण असे की, त्या काळचे फाँट रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवीत. तो फाँट काढून घेतला की मुखवटा उतरतो. युनिकोडने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. परंतु केवळ जागांची अदलाबदल करून भागत नाही. जुन्या पद्धतीत डोळ्यांना दिसते त्या क्रमाने टंकन होई; म्हणजे 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'क' मागाहून. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा, म्हणून 'क' आधी. रफाराचे याच्या नेमके उलट : डोक्यावर दिसतो म्हणून पूर्वी तो अक्षरानंतर येई, आता त्यातील 'र' अक्षराआधी घालावा लागतो. ही उलथापालथ करणारे परिवर्तक मिळतात आणि ते बरेचसे काम बिनचूक करतातही. मात्र आपल्या मराठीच्या 'ऱ्य'पाशी त्यांतील काहींची मती कुंठित होते. मेळघाटावरील माझ्या लेखात चिखलदऱ्याहून दिसणाऱ्या खोल दऱ्यांचे वर्णन होते. परिवर्तित प्रतीत मेळघाटात ठिकठिकाणी 'दर्या' उसळला होता, आणि एका धुक्याच्या सकाळी मी त्या दर्यात उतरलोही होतो. असे शब्द यंत्रावर सोपवून चालत नाही; ओळ न् ओळ वाचावी लागते.

तारखा व पत्ते यांचे काम रूक्ष, पण टाळता न येणारे. नव्याने चढविलेल्या लेखावर यंत्र आजची तारीख घालते. ती बदलून मूळची घालावी. पत्ता अक्षरशः पूर्वीचाच द्यावा. ते अशक्य असेल तेथे '३०१' या संकेताची कायम स्थलांतराची नोंद करावी, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या घरी पोचतो.

या खटपटीत मला वारंवार रिद्धपूर आठवे. मोर्शी तालुक्यातील याच गावी, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली चक्रधरांच्या लीळा, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, अशी महानुभाव पंथाची परंपरा आहे. त्यात हिराइसेच्या स्मरणशक्तीचा उल्लेख आदराने होतो. एका पोथीचे अनेक पाठ त्यातूनच झाले. ते ताडून पाहण्यात वि. भि. कोलते यांच्यासारख्या वऱ्हाडच्याच विद्वानाने वर्षानुवर्षे घालविली आणि १९७८ साली त्यांनी संपादिलेले 'लीळाचरित्र' प्रसिद्ध झाले. त्या अनुयायांपुढे श्रद्धेचा धाक होता. मजसारख्या लेखकापुढे तसा कोणताच धाक नसतो. आणि जुना लेख आठवून लिहू लागावे, तो आजचे शहाणपण त्यात हळूच शिरते व तारीख मात्र पंधरा वर्षांपूर्वीची राहते. मला तर ही सरळसरळ दस्तऐवजातील खाडाखोड वाटते.

एका लेखाच्या बाबतीत हा मोह प्रत्यक्ष समोर आला. त्याची प्रत कोठेच नव्हती. ज्यांनी फोन केला होता, त्या अकोल्याच्या गृहस्थांनी मात्र तो कधीकाळी छापून ठेवला होता. चार पाने आली, पाचवे नाही. शेवट मला पुष्कळसा आठवत होता, शिवाय तो आता अधिक चांगला सुचतही होता. मी चार पाने जशीच्या तशी चढविली आणि खाली 'येथून पुढील मजकूर उपलब्ध नाही' एवढेच लिहिले. तसे त्यांना कळविले, तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या जी. लेख तितकाच बरा वाटते."