पाठीवर नाव, पायाखाली पायडल

कॅन्सरच्या रुग्णांसाठी निघालेल्या एका सायकल राईडमध्ये मी बेंगळुरूत भाग घेतला, तेव्हापासून कॅडेट्स आणि काही पालकही मला एकच प्रश्न विचारतात : सायकल चालवून कुणाचा कॅन्सर कसा बरा होणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी हे लक्षात घ्यावे की ही शर्यत नसते. इथे पहिला-दुसरा क्रमांक नाही. आपण ठरावीक अंतर सायकल चालवतो आणि आपले नातेवाईक, मित्र, सहकारी त्यासाठी देणगी देतात. कुणी एकरकमी देतो, कुणी किलोमीटरमागे. समजा, तुम्ही १०० किलोमीटर जाणार आहात आणि २० जणांनी किलोमीटरला ५ रुपये कबूल केले, तर १०,००० रुपये जमतात. ही रक्कम स्वाराने रोख गोळा करू नये. ती थेट संस्थेच्या खात्यात जावी आणि देणाऱ्याला पावती मिळावी. नावनोंदणीचे शुल्क टी-शर्ट, नाश्ता, रुग्णवाहिका यांवर खर्च होते की देणगीत जाते, हेही आयोजकांना आधीच विचारावे.

या पद्धतीचे एक जुने उदाहरण अमेरिकेतले आहे. बिली स्टार यांची आई १९७४ मध्ये त्वचेच्या कॅन्सरने गेली. १९८० मध्ये त्यांनी ३६ सायकलस्वारांना घेऊन मॅसॅच्युसेट्स राज्यातून राईड काढली आणि १०,२०० डॉलर जमवले. ती राईड आजही दरवर्षी निघते. आपल्याकडे माणसाच्या आठवणीचे काम कसे होते, हे टाटा कुटुंबाने त्याही आधी दाखवले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने वारल्या. त्यांच्या नावाने १९३२ मध्ये या आजारावरील संशोधनासाठी न्यास स्थापन झाला आणि १९४१ मध्ये टाटा न्यासाने परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे केले. एका घराचे दुःख असंख्य घरांच्या उपयोगी पडले.

पैसा कुठे लागतो? केवळ औषधाला नाही. बेंगळुरूच्या किदवाई संस्थेत १९७३ पासून दूरदूरच्या गावांतून रुग्ण येतात. उपचार सवलतीत झाले तरी गाडीभाडे, राहण्याची सोय, बुडालेली मजुरी हा भार घरावरच पडतो. जिथे आजार बरा होण्याची आशा संपते, तिथेही काम संपत नाही. मराठहळ्ळीजवळचे ‘करुणाश्रय’ १९९९ पासून अशा रुग्णांची शेवटच्या काळात शुश्रूषा करते, वेदना कमी करते आणि त्याचे पैसे घेत नाही. अशा संस्था देणग्यांवर चालतात.

आता पाठीवरच्या नावाविषयी. आमच्या राईडमध्ये प्रत्येकाच्या पाठीवर एक कागद होता : ज्याच्यासाठी आपण चालवतो आहोत त्याचे नाव. माझ्या कागदावर ‘आत्यासाठी’ एवढेच होते. बेळगावच्या आमच्या घरात आत्याच्या आजाराला कुणी कधी नावाने हाक मारली नाही. ‘तो आजार’ एवढेच म्हणत. छातीतली गाठ तिने संकोचाने कितीतरी महिने लपवली आणि डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत फार उशीर झाला होता. देणगीसाठी नातेवाइकांना फोन करताना मला पहिल्यांदा ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारावा लागला. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग बोलणे सुरू होई. एक चुलतबहीण म्हणाली, “दादा, पैसे पाठवते. आणि मीही एकदा तपासून घेते. मनात होतंच, पण विषय कुणाकडे काढायचा?” माझ्या मते राईडची खरी कमाई हीच. पैसा दुसऱ्याच्या घरी मदत पोहोचवतो; नाव उच्चारले की आपल्याच घरातला कुणी वेळेवर डॉक्टरकडे जातो.

वेळेवर जाणे का महत्त्वाचे? तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, हे तीन कॅन्सर आपल्या देशात खूप आढळतात आणि तिन्ही तपासणीत लवकर सापडू शकतात. वयाच्या तिशीनंतर यांची तपासणी करावी, असे सरकारी कार्यक्रमच सांगतो. दोन-तीन आठवडे न भरणारा तोंडातला व्रण, न दुखणारी गाठ, अकारण रक्तस्राव यांकडे दुर्लक्ष करू नये. तंबाखूपासून दूर राहणे तर आजपासूनच आपल्या हातात आहे.

तयारीबद्दल थोडे. रोज पीटी करणाऱ्यालाही लांब सायकलिंगचा सराव वेगळा करावा लागतो. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, एवढी सीटची उंची ठेवा. अंतर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवा. तहान लागायच्या आधी पाणी प्या. हेल्मेटशिवाय निघू नका. नंदी हिल्सच्या दिशेने पहाटे निघालात तर वारा समोरून लागू शकतो. मागचा स्वार पुढच्याच्या आडोशाने गेला की त्याचे श्रम वाचतात, म्हणून पुढची जागा आळीपाळीने घ्यायची असते. पुढच्याने खड्डा दिसताच हात दाखवून मागच्यांना सावध करायचे. आपल्या ड्रिलची शिस्त इथे जशीच्या तशी उपयोगी पडते.

कॅडेट मित्रांनो, राईडला जाण्यासाठी शाळेची आणि पालकांची परवानगी लागेल. पण पहिल्या कामाला परवानगी लागत नाही. सुट्टीत घरी जाल तेव्हा आई, काकू, आजी, बाबा यांना सरळ विचारा : “तपासणी केली आहे का?” उत्तर ‘नाही’ आले, तर दवाखान्यात त्यांच्यासोबत जा.